शरीरातली उलाढाल मोजायची कशी?

रक्तातली साखर तपासायला लॅबमध्ये गेलात, तर ते रक्त बहुतेक वेळा राखाडी बुचाच्या नळीत घेतात. त्या नळीत आधीच सोडियम फ्लोराइडची थोडी पूड घातलेली असते. कारण रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं, तर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते. सकाळी काढलेलं रक्त दुपारी तपासलं, तर रिपोर्टवर येणारा आकडा त्या माणसाच्या शरीरातला राहत नाही, नळीतला होतो. फ्लोराइड हे साखर फोडण्याच्या साखळीतलं इनोलेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) अडवतं. पण इनोलेज येतं नवव्या पायरीवर. आधीच्या पायऱ्या काही काळ चालूच राहतात, त्यामुळे पहिल्या तास-दोन तासांत साखर थोडी घटतेच. म्हणून काळजी घेणाऱ्या लॅबमध्ये नळी बर्फात ठेवतात, किंवा लवकरात लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या काढतात.

चयापचय, म्हणजे शरीरातली ही रासायनिक उलाढाल, मोजणाऱ्याची पहिली अडचण हीच आहे. जे मोजायचं, ते आपल्यासाठी थांबत नाही. संशोधनात तर पेशींचा नमुना हातात येताच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, गोठवतात. पेशीतले काही रेणू काही सेकंदांत बनतात आणि काही सेकंदांत खर्च होतात, तिथे मिनिटभराचा उशीरही परवडत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे. उपाशीपोटी साखर ९० आली, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम. मोठ्या माणसात साधारण ५ लिटर रक्त धरलं, तर सगळ्या रक्तात मिळून साखर साडेचार ग्रॅम, चहाचा एक चमचा. पण त्याच वेळी त्याचं लिव्हर तासाला ८ ते १० ग्रॅम साखर रक्तात सोडत असतं आणि तेवढीच साखर बाकीचे अवयव उचलत असतात. एकटा मेंदू तासाला ५ ग्रॅमच्या आसपास घेतो. ९० या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. एसटी स्टँडवर दुपारी बारा वाजता आठ गाड्या उभ्या दिसल्या, तर दिवसभरात किती गाड्या आल्या-गेल्या हे त्यावरून सांगता येत नाही. दर पाच मिनिटांनी गाडी सुटत असेल, किंवा त्याच आठ गाड्या सकाळपासून संपामुळे उभ्या असतील. साठा आणि वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चयापचय म्हणजे वाहतूक. आपल्या बहुतेक रिपोर्टमध्ये छापलेला असतो तो साठा.

ही वाहतूक पकडण्यासाठी माणसाने गेल्या अडीचशे वर्षांत ज्या युक्त्या शोधल्या, त्या मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी वाटतात.

श्वासाचा हिशेब

सुरुवात बर्फापासून झाली. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लव्वाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग भांड्यात ठेवला आणि भांड्याभोवती बर्फ भरला. दहा तासांत जनावराच्या अंगातल्या उष्णतेने सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला. मग त्यांनी प्राण्याच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळून किती बर्फ वितळतो ते पाहिलं. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण जवळ आले. श्वसन हे एक संथ ज्वलन आहे, हा निष्कर्ष यातून निघाला. त्याआधी शरीराची ऊब ही जीवनाची एक गूढ देणगी मानली जायची. आता ती वजनकाट्यावर आली.

यातूनच पुढची सोपी पद्धत सुचली. उष्णता मोजण्यासाठी माणसाला बंद खोलीत ठेवणं अवघड आणि महागडं. पण ऑक्सिजन किती घेतला आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडला, एवढं कळलं तरी उष्णतेचा हिशेब लागतो. १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत माक्स रुबनर यांनी कुत्र्यावर दोन्ही मोजमापं एकाच वेळी करून ती जुळतात हे दाखवलं. आज रुग्णालयात किंवा क्रीडा प्रयोगशाळेत माणसाला पारदर्शक टोप किंवा मास्क लावून हेच करतात.

हिशेब करून पाहू. शांत पडून असलेला एखादा माणूस मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरा. १९४९ मध्ये वीअर यांनी दिलेल्या सूत्रात ऑक्सिजनच्या लिटरला ३.९४ ने गुणतात, कार्बन डायऑक्साइडच्या लिटरला १.११ ने, आणि बेरीज करतात. ०.९८५ अधिक ०.२२२, म्हणजे मिनिटाला १.२ किलोकॅलरी. दिवसाच्या १,४४० मिनिटांनी गुणलं की सुमारे १,७४०. नुसतं पडून राहण्याचा हा रोजचा खर्च.

त्याच दोन आकड्यांतून आणखी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे इंधन कोणतं जळतंय. ग्लुकोजचा एक रेणू जाळायला ऑक्सिजनचे ६ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ६ बाहेर पडतात. भागाकार १. पामिटिक आम्ल या चरबीतल्या आम्लाला २३ रेणू ऑक्सिजन लागतो आणि १६ रेणू कार्बन डायऑक्साइड निघतो. भागाकार ०.७. वरच्या माणसाचा भागाकार ०.८ आहे, म्हणजे तो त्या क्षणी चरबी जास्त आणि साखर कमी जाळतोय. भरपेट भाताच्या जेवणानंतर हाच आकडा १ च्या दिशेने सरकतो. रक्ताचा एक थेंबही न काढता पेशींच्या आतलं इंधन कळतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला नळीतून किती कॅलरी द्यायच्या, हे ठरवायला ही पद्धत फार मोलाची आहे. भाजलेल्या रुग्णाचा खर्च प्रचंड वाढलेला असू शकतो आणि वजनावरून केलेला अंदाज तिथे साफ चुकतो.

अंदाज म्हणजे काय तेही पाहिलं पाहिजे, कारण जिममधल्या आणि घरच्या काट्यांवर दिसणारा ‘मेटाबॉलिक रेट’ आणि ‘मेटाबॉलिक एज’ हे दोन्ही अंदाजच असतात. ते यंत्र तुमच्या पायांतून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडून अडथळा मोजतं, त्यावरून चरबी आणि स्नायूंचं प्रमाण काढतं, आणि वजन, उंची, वय, लिंग यांच्यासकट सगळं एका सूत्रात घालतं. तुमच्या श्वासातला ऑक्सिजन त्याने मोजलेला नसतो. यातलं सर्वांत प्रसिद्ध सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं, १९१९चं, आणि ते अमेरिकेतल्या २३९ स्त्री-पुरुषांच्या मोजमापांवरून बांधलेलं आहे. नुसत्या वजन-उंचीवर विसंबणं आपल्याकडे किती धोक्याचं आहे, याचं उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (वजन आणि उंचीवरून काढलेला आकडा) अगदी सारखा होता, २२.३. दोघांनी शरीरातली चरबी मोजून घेतली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने दोघांचा फोटो या आकड्यांसह छापला. स्नायू आणि चरबी यांचा विश्रांतीतला खर्च सारखा नसतो, पण वजन, उंची आणि वय यांच्यापलीकडे काही न पाहणाऱ्या सूत्राला अशा दोन माणसांतला फरक दिसायला मार्गच नाही.

खुणेचे अणू

टोपाखाली पडून असलेल्या माणसाचा खर्च कळला. पण शेतात राबणाऱ्या, ऑफिसला जाणाऱ्या, मुलांमागे धावणाऱ्या माणसाचं काय? त्याला दोन आठवडे मास्क लावून फिरवता येणार नाही.

इथे जी युक्ती कामी आली, ती मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन यांची. १९५५ मध्ये त्यांनी ती उंदरांवर सिद्ध केली. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. या दोघांचेही थोडे जड भाऊ निसर्गातच असतात, किरणोत्सर्ग न करणारे आणि या मात्रेत निरुपद्रवी. दोन्ही जड अणू असलेलं थोडंसं पाणी माणसाला प्यायला द्यायचं. जड हायड्रोजन शरीरातून पाण्याच्या रूपानेच बाहेर जातो, म्हणजे लघवी, घाम आणि श्वासातली वाफ. जड ऑक्सिजन मात्र दोन वाटांनी जातो. एक पाण्याची, आणि दुसरी कार्बन डायऑक्साइडची, कारण रक्तात हा वायू आणि पाणी आपापसांत ऑक्सिजनची सतत अदलाबदल करत असतात. त्यामुळे जड ऑक्सिजन जास्त वेगाने घटतो. दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड. माणसाने एक-दोन आठवडे आपलं नेहमीचं जगायचं आणि अधूनमधून लघवीचा नमुना द्यायचा, बस. हे पाणी महाग असल्यामुळे माणसांवरचा वापर १९८२ पर्यंत लांबला.

या पद्धतीने आपल्या काही ठाम समजुती हलवल्या. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचा रोजचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराच्या आकाराचा हिशेब धरून, पाश्चात्त्य शहरी माणसांइतकाच निघाला. नंतर २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं एकत्र केली गेली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत. आकाराच्या मानाने सर्वांत जास्त खर्च एक वर्षाच्या आसपासच्या बाळांचा, मोठ्यांपेक्षा जवळपास दीडपट. मग तो विशीपर्यंत उतरतो, आणि २० ते ६० या वयात जवळजवळ स्थिर राहतो. चाळिशीनंतर पोट सुटलं की आपण ‘मेटाबॉलिझम मंदावलं’ म्हणतो. त्या वयात तसं मंदावताना या मोजमापांत दिसलं नाही.

खुणेच्या अणूंची मूळ कल्पना मात्र याहून जुनी आहे, आणि तिच्यामागचा माणूस मला फार जवळचा वाटतो. रुडॉल्फ शोनहाइमर हे ज्यू शास्त्रज्ञ १९३३ मध्ये जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे दोनच वर्षांपूर्वी हॅरल्ड युरी यांनी जड हायड्रोजन शोधला होता. तेव्हा सर्वमान्य समज असा होता की अंगावरची चरबी ही गोदामात पडलेली शिल्लक आहे. रोज खाल्लेलं रोज जळतं, आणि उपासमार झाली तरच गोदाम उघडतं. शोनहाइमर आणि त्यांचे सहकारी डेव्हिड रिटनबर्ग यांनी जवसाच्या तेलात जड हायड्रोजन बसवून उंदरांना ते खाऊ घातलं, तेही इतकं बेताने की त्यांचं वजन वाढू नये. समज खरा असता तर खुणेचा हायड्रोजन जळून अंगातल्या पाण्यात आला असता. निघालं उलटं. त्यातला मोठा भाग थेट चरबीच्या साठ्यात जाऊन बसला होता. वजन वाढलं नाही, म्हणजे तितकीच जुनी चरबी बाहेर पडली होती. पुढे जड नायट्रोजन वापरून त्यांनी प्रथिनांच्या बाबतीतही हेच दाखवलं.

स्टँडवरच्या गाड्यांची संख्या बदललेली नव्हती, पण गाड्या बदलल्या होत्या. एका गाडीला खूण केल्याशिवाय हे कोणाला दिसलंच नसतं.

मधुमेहाचा प्रश्न

आता सुरुवातीच्या साखरेकडे येऊ. उपाशीपोटी साखर १६० आली. लिव्हर जास्त साखर सोडतंय म्हणून, की स्नायू ती उचलत नाहीत म्हणून? उपचाराच्या दृष्टीने हा कळीचा प्रश्न आहे, आणि रक्तातली साखर कितीही वेळा तपासली तरी त्याचं उत्तर मिळत नाही.

उत्तर मिळतं खुणेच्या ग्लुकोजमधून. समजा शिरेतून तासाला ०.१ ग्रॅम खुणेचं ग्लुकोज एकसारखं सोडलं. काही वेळाने रक्तातल्या ग्लुकोजमध्ये खुणेच्या रेणूंचं प्रमाण १ टक्क्यावर स्थिर झालं. याचा अर्थ, आपण सोडलेला ०.१ ग्रॅम हा एकूण आवकेचा शंभरावा भाग आहे. म्हणजे एकूण आवक तासाला १० ग्रॅम. माणूस उपाशी असल्यामुळे ही आवक मुख्यतः लिव्हरची. एवढा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. अशा मोजमापांतून दिसलं की टाइप २ मधुमेहात उपाशीपोटी साखर वाढण्यामागे लिव्हरच्या जादा उत्पादनाचा हात मोठा असतो. जगभर करोडो लोक घेतात ती मेटफॉर्मिनची गोळी प्रामुख्याने याच उत्पादनावर काम करते, हेही खुणेच्या ग्लुकोजनेच कळलं.

स्नायूंचा भाग कळायला आणखी एक पद्धत आहे, तिला क्लॅम्प म्हणतात. १९७९ मध्ये राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी तिची नीट घडी बसवली. एका शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडायचं. साखर खाली यायला लागते. ती पडू नये म्हणून दुसऱ्या शिरेतून ग्लुकोज सोडायचं, दर पाच मिनिटांनी रक्त तपासायचं आणि वेग कमी-जास्त करत साखर ९० च्या आसपास धरून ठेवायची. साखर स्थिर झाली की आपण जितकं ग्लुकोज सोडतोय तितकंच शरीर उचलतंय. ज्याला कमी सोडावं लागतं, त्याचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. प्रयोग दोन तासांहून जास्त चालतो, दोन्ही हातांना सुया असतात, शेजारून कोणी हलू शकत नाही. म्हणून तो संशोधनातच होतो. रिपोर्टवर छापून येणारा ‘होमा’ हा आकडा त्याचा स्वस्त पर्याय आहे, उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून काढलेला. हजारो लोकांच्या पाहणीत तो उपयोगी पडतो. पण एका माणसाचा होमा मागच्या वेळेपेक्षा थोडा कमी-जास्त झाला म्हणून हुरळून किंवा घाबरून जाऊ नये, कारण तो पुन्हा दोन साठ्यांवरूनच काढलेला असतो.

वाट अडवून पाहणं

वाहतूक किती हे कळलं, पण ती कोणत्या वाटेने होते? त्यासाठी वाट मुद्दाम अडवतात आणि कुठे काय साचतं ते पाहतात. हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये शेफील्डला कबुतराच्या छातीचा स्नायू वापरला. हा स्नायू उडण्यासाठी बनलेला असल्यामुळे ऑक्सिजन भराभर खातो. स्नायूचा लगदा लहान बंद भांड्यात ठेवून, दाब किती उतरला यावरून ऑक्सिजनचा खप मोजायचा. क्रेब्स यांनी त्यात किंचित सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचं एक रूप) घातलं, तर खप इतका वाढला की तेवढं सायट्रेट पूर्ण जळूनही तो भरून निघाला नसता. म्हणजे सायट्रेट संपत नव्हतं, फिरून पुन्हा तयार होत होतं. मग मॅलोनेट नावाचं रसायन घालून एक पायरी बंद पाडली, तेव्हा त्या पायरीआधीचा रेणू, सक्सिनेट, साचू लागला. पेशीत अन्न जळण्याची वाट सरळ नसून चक्र आहे, याचा पाया या दोन निरीक्षणांनी घातला. ‘नेचर’ या नियतकालिकाने त्यांचं टिपण परत पाठवलं होतं. १९५३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं.

निसर्ग स्वतःही कधी वाट अडवतो. फिनाइलअलॅनिन या अमिनो आम्लाचं रूपांतर करणारं एन्झाइम जन्मतःच नसेल, तर हे आम्ल रक्तात साचतं आणि बाळाच्या मेंदूला कायमची इजा करतं. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीमुळे बाळाच्या टाचेतून कागदावर टिपलेल्या रक्ताच्या थेंबांतून हे लवकर ओळखता येऊ लागलं. आज तोच वाळलेला थेंब मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो आणि काही मिनिटांत असे डझनावारी दोष तपासले जातात. हे यंत्र रेणूंवर विद्युतभार चढवून त्यांना वस्तुमानानुसार वेगळं करतं. एका नमुन्यात हजारो रेणूंचे ठसे त्यात दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच ठशांची ओळख पटत नाही. आणि ती यादीही साठ्यांचीच असते. इथे मात्र साठा पुरेसा ठरतो, कारण वाट पूर्ण बंद असली की मागे साचणारा ढीग लपत नाही. वेळीच आहार बदलला तर ते मूल इतर मुलांसारखं शिकतं, वाढतं.

कर्करोगाच्या गाठी शोधायला करतात त्या पेट स्कॅनमागेही अडवलेलीच वाट आहे. त्यात देतात ते ग्लुकोजसारखं दिसणारं, पण एका जागी किरणोत्सर्गी फ्लोरिन बसवलेलं औषध. पेशी त्याला साखर समजून आत घेतात, पहिल्या पायरीवर त्याला फॉस्फेट जोडतात, आणि पुढची पायरी त्याला चढताच येत नाही. ते पेशीत अडकून राहतं. जिथे साखरेची उचल जास्त, तिथे ते जास्त साचतं आणि स्कॅनवर चमकतं. १९७६ मध्ये ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. या फ्लोरिनचा अर्धा भाग दर ११० मिनिटांनी संपतो, त्यामुळे औषध त्याच दिवशी बनवून वापरावं लागतं. भारतात ही सोय पहिल्यांदा २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

स्कॅनच्या आधी रुग्णाला काही तास उपाशी ठेवतात, साखर तपासतात आणि औषध दिल्यावर शांत पडून राहायला सांगतात. त्याचं कारण आता लक्षात येईल. जेवण झालेलं असेल किंवा माणूस जिने चढून आला असेल, तर स्नायूच साखर ओढून घेतात आणि गाठ फिकी दिसते. मेंदू नेहमीच चमकतो, कारण तो नेहमीच साखर घेतो. मूत्राशयही चमकतं, कारण किडनी खऱ्या ग्लुकोजसारखं हे औषध परत शोषून घेत नाही. आणि क्षयाची गाठही चमकते, कारण जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या पेशींइतक्याच हावरेपणाने साखर घेऊ शकतात. साखरेची उचल किती, एवढंच हा स्कॅन सांगतो. ती कोण उचलतंय ते सांगत नाही. क्षय इतका आढळणाऱ्या आपल्या देशात छातीतली एखादी गाठ स्कॅनवर उजळून निघाली, तरी डॉक्टर सुईने तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगतात, ते यासाठीच.